आपली लाईट

“तू त्याचा मामा आहेस. आमचं ऐकत नाही, तुझं तरी ऐकेल,” असे ताईने फोनवर सांगितले आणि मे महिन्याच्या सुट्टीत माझ्या गळ्यात एक कामगिरी येऊन पडली.

माझी थोरली बहीण श्रीरामपूरला असते. तिचे चिरंजीव, म्हणजे आमचे भाचेबुवा, इलेक्ट्रिकल इंजिनिअर होऊन रत्नागिरी जिल्ह्यात वीजवितरणाच्या नोकरीत आहेत. पहिली नेमणूक दापोलीकडे झाली, आता गणपतीपुळ्याच्या बाजूला आहेत. नोकरी कायमची, पगार बरा, मुलगा निर्व्यसनी. तरी ताईच्या जिवाला घोर आहेच; कारण वादळ कोकणात येते आणि झोप श्रीरामपुरात उडते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आले तेव्हा मुलाचा फोन चार दिवस लागला नाही. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आले, तेव्हा दोन दिवस लागला नाही. तेव्हापासून अरबी समुद्रात कुठे कमी दाबाचा पट्टा तयार झाल्याची बातमी आली, की आमची ताई देवापुढे निरांजन लावते. “विनंती बदलीचे अर्ज निघालेत. त्याने नाशिक मागावं, नगर मागावं, पण तो समुद्र सोडावा. मग मुलीही बघता येतील,” हा तिचा निरोप. तो गोड शब्दांत पोचवणे हे माझे काम.

भाऊजींनी मात्र या सगळ्या बोलण्यात एक शब्दही घातला नाही. ते याच धंद्यातले. सारी हयात त्यांनी मुळा-प्रवरा वीज संस्थेत काढली. त्यांचे मौन मला त्या वेळी संमतीचेच वाटले.

मी पेशाने मराठीचा प्राध्यापक. ‘वीज’ हा शब्द स्त्रीलिंगी, त्याचे अनेकवचन ‘विजा’, यापलीकडे माझे विजेचे ज्ञान जात नाही. घरातले दिवे गेले, तर मी प्रथम खिडकीतून शेजाऱ्यांकडे आहेत का ते पाहतो. त्यांच्याकडे असले तर त्यांनाच बोलावतो. असा मी, एका इंजिनिअरला त्याच्या नोकरीविषयी चार शब्द सांगायला, ठाण्याला सकाळच्या मांडवी एक्सप्रेसमध्ये चढलो.

कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली तेव्हापासून मी या मार्गाने जातो. पूर्वी गाडी बोगद्यात शिरली, की डिझेलचा धूर खिडकीतून डब्यात शिरे आणि डब्यातल्या आज्या पदर नाकाला लावत. आता ते राहिले नाही. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा ७४१ किलोमीटरांचा सगळा मार्ग विजेवर आला. २० जून २०२२ ला त्याचे लोकार्पण झाले. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरांचा बोगदा लागतो. त्यात गाडी शिरली आणि डब्यातले दिवे तेवढे उरले, तेव्हा मला भाऊजींच्या संस्थेची आठवण झाली.

या संस्थेची हकिगत आजच्या तरुण वाचकांना ठाऊक असण्याचा संभव कमी, म्हणून थोडक्यात सांगतो. १९३५ च्या सुमारास अमेरिकेतली शहरे विजेने लखलखत होती, पण दहांतल्या नऊ शेतकऱ्यांच्या घरी तेलाचाच दिवा होता. चार घरांसाठी मैलभर तार ओढणे खाजगी कंपन्यांना परवडत नव्हते. तेव्हा रूझवेल्टच्या सरकारने स्वस्त कर्जाची सोय केली, शेतकऱ्यांनी आपापल्या सहकारी संस्था काढल्या आणि स्वतःच्या तारा स्वतः ओढल्या. हीच कल्पना पुढे अमेरिकेच्या मदतीने आपल्याकडे आली. १९६९ साली केंद्र सरकारने ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन केले आणि देशात पाच ठिकाणी हा प्रयोग करायचे ठरले. उत्तर प्रदेशात लखनौजवळ, गुजरातेत कोडीनारला, त्या वेळच्या आंध्रात सिरसिल्ल्याला, बेळगाव जिल्ह्यात हुक्केरीला आणि आपल्या महाराष्ट्रात मुळा आणि प्रवरा या दोन नद्यांच्या दुआबात. प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना आधीच उभा होता. सहकार हा शब्द तिथल्या शेतकऱ्याला शिकवावा लागत नव्हता.

श्रीरामपूर, राहुरी, राहाता, संगमनेर, नेवासे अशा तालुक्यांतली गावे या संस्थेकडे होती. भाऊजी तरुणपणी तिथे लागले. खांब बैलगाडीतून जात. ज्याच्या विहिरीवर पंप बसायचा, त्याच्या घरी इंजिनिअरला पुरणपोळीचे जेवण ठरलेले. शेतकरी संस्थेचा सभासद, म्हणजे मालक; आणि तो ते जाणून होता. भाऊजी सांगतात, पहिली काही वर्षे रात्रीबेरात्री शेतकरी स्वतः सायकल मारीत येई आणि म्हणे, “साहेब, आपली तार अमक्या बांधावर लोंबतेय, चला.” आपली तार! भाऊजींना त्या शब्दाचे फार कौतुक. पण पुढे पुढे तोच शब्द दुसऱ्या अर्थाने कानांवर येऊ लागला. “लाईट आपलीच आहे, मग बिलाची एवढी घाई कशाला?” हे दुखणे काही एका संस्थेचे नव्हते, शेतीपंपांची थकलेली बिले हा अवघ्या महाराष्ट्राचा जुना आजार आहे. पण संस्थेला वीज विकत घ्यावी लागे, आणि तिच्या पैशांचा वाद वर्षानुवर्षे वाढत गेला. २०११ च्या जानेवारीअखेर संस्थेचा परवाना संपला आणि त्या गावांची वीज महावितरणकडे गेली. भाऊजी आदल्याच वर्षी निवृत्त झाले होते. ताई सांगते, ३१ जानेवारीला ते दिवसभर घराबाहेर पडले नाहीत.

रत्नागिरीच्या स्टेशनावर भाचेबुवा उभे होते. उन्हाने चांगलेच रापलेले, अंगात खाकी शर्ट, पायांत जाड तळव्यांचे बूट. मला वाकून नमस्कार करता करता त्याने खिशातला वाजणारा फोन बंद केला आणि आम्ही जीपमध्ये बसलो. आरे-वाऱ्याच्या समुद्रकाठच्या रस्त्याने निघालो, तेव्हा मी सवयीप्रमाणे समुद्राकडे पाहत होतो आणि तो रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला, खांबांकडे. या रस्त्याने जाणारा प्रत्येक पर्यटक समुद्राचा फोटो काढतो. खांब मोजत जाणारा मनुष्य मी प्रथमच पाहिला.

“मामा, तो समुद्र तुम्हांला सुंदर दिसतो ना? मला त्यात मीठच दिसतं,” तो म्हणाला.

मग त्याने समजावून सांगितले. खांबाच्या डोक्यावर चिनीमातीची कपे असतात, त्यांवर तार बसवलेली असते. वीज तारेतून खांबात उतरू नये म्हणून ही कपे. ऑक्टोबरपासून मेपर्यंत समुद्राचा वारा त्यांवर मिठाचा थर चढवतो. कोरडे आहे तोवर ते मीठ बिचारे काही करीत नाही. पण वळवाची पहिली सर आली, की ते ओले होते आणि वीज त्यावरून सरळ खांबाकडे धाव घेते. म्हणून कोकणात पावसाच्या पहिल्या शिंतोड्याला दिवे जातात. गावकरी म्हणतात, “चार थेंब पडले नाहीत तोच लाईट घालवली!” जणू कोणी मुद्दाम बटण दाबले. खरे म्हणजे मुसळधार पाऊस बरा, तो कपे धुऊन तरी काढतो. चार थेंबच वाईट.

लोखंडाच्या खांबांना हेच मीठ मुळाशी खाते. जमिनीत सगळा जांभा दगड, उन्हाळ्यात वाळून कोरडा ठणठणीत. त्यात विजेला जमिनीत उतरायला वाट नीट मिळत नाही, म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि कोळसा भरायचा. समुद्रकाठी मीठ विकत आणून जमिनीत पुरावे लागते, याची मला मोठी गंमत वाटली.

“आणि तुमचं श्रीरामपूर?” मी हळूच विषय काढण्याच्या बेताने विचारले.

“तिथं काय, सरळ रेघेत खांब ठोकत जायचं,” तो हसला. “देशावरचं गाव गठ्ठ्यानं असतं, मामा. इथं एक वाडी डोंगराच्या डोक्यावर, दुसरी खाडीत. तार दोन किलोमीटर ओढावी तेव्हा चार घरं लागतात. त्यांतली दोन बंद, मालक मुंबईला. उरलेल्या दोनांत म्हातारा-म्हातारी.”

चार घरांसाठी दोन किलोमीटर तार! म्हणजे अमेरिकेतल्या कंपन्यांना १९३५ साली जे परवडत नव्हते, तेच हे. मी गप्प राहिलो. बदलीचा विषय मालगुंडला, केशवसुतांच्या गावी, चहा घेताना काढू असे ठरवले. पण चहाच्या वेळीही त्याचा फोन वाजतच होता. वाडीवाडीचे व्हॉट्सॲप गट आहेत आणि प्रत्येक गटावर एकच प्रश्न: लाईट कधी येणार? ज्ञानेश्वरीवर माझ्या वर्गात तासभरात एक प्रश्न निघाला तरी मी धन्य होतो. याला मिनिटाला तीन.

चहानंतर आम्ही एका आंबेबागेत गेलो. पावसाळ्यापूर्वी तारांलगतच्या फांद्या तोडाव्या लागतात, नाहीतर जूनच्या वाऱ्यात त्या तारांवर आपटतात. पण तोडायच्या तर एप्रिल-मेमध्ये. आणि नेमका तेव्हाच हापूस झाडावर असतो. मालक, साठीच्या पुढचे गृहस्थ, एका भल्या मोठ्या फांदीखाली कमरेवर हात ठेवून उभे होते.

“काय हो साहेब, ही फांदी गेली तर माझ्या पाच पेट्या गेल्या. तुमची तार हलवा की.”

“तार हलवली तर पलीकडच्या घरावरून जाते, काका.”

“मग आमच्याच डोक्यावर का? बागेतून जायला परवानगी आमच्या वडिलांनी दिली, भाडं काही घेतलं नाही. आता फांद्याही आमच्याच?”

भाचा वाद घालील असे मला वाटले. पण तो फांदीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “आंबा आधी उतरवून घ्या. रविवारपर्यंत थांबतो. तोवर वारा सुटला तर मात्र मला लाईन बंद ठेवावी लागेल, मागच्या दोन वाड्या अंधारात.” काकांनी काही उत्तर दिले नाही, पण आम्ही निघालो तेव्हा त्यांनी डझनभर आंबे जीपमध्ये ठेवले. “हे पाहुण्यांना,” असे माझ्याकडे बोट दाखवून त्यांनी स्पष्ट केले, साहेबांशी तंटा कायम होता.

त्या रात्री वारा सुटला.

नऊ वाजून दहा मिनिटांनी समुद्रावर विजा चमकू लागल्या, चार सरी येऊन गेल्या आणि भाच्याच्या खोलीतला पंखा थांबला. तो जेवत होता. हात धुऊन, रेनकोट खांद्यावर टाकून दारात गेला आणि म्हणाला, “मामा, तुम्ही झोपा.” मी म्हणालो, “मी येतो.” का म्हणालो कोण जाणे, बहुधा अंधारात एकट्याने बसायची भीती वाटली असेल.

अकरा हजार व्होल्टची एक वाहिनी, त्यांच्या भाषेत फीडर, पंचवीस-तीस किलोमीटर रानावनातून जाते. तिच्यात कुठेतरी एक खांब बिघडला आहे. तो अंधारात, पावसात हुडकायचा. खांबाखांबाने शोधत गेले तर सकाळ होईल. म्हणून ते वाहिनी मध्ये तोडतात. मधला स्विच उघडून अलीकडच्या अर्ध्या भागात वीज सोडून पाहायची. टिकली, तर बिघाड पलीकडच्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याचे अर्धे. मला ते फार आवडले. जुन्या पोथीत लेखनिकाची चूक शोधताना आम्हीही असेच करतो. फक्त आमची पोथी कोणाला झटका देत नाही.

जीपमध्ये भाचा, मी, ड्रायव्हर आणि दोन वायरमन. त्यांतला थोरला पन्नाशी उलटलेला, अबोल, धाकटा पंचविशीचा. दोन स्विच झाले, तिसऱ्याशी पोचलो तोच बॅटरी घेतलेली एक आकृती आडवी आली. पाहतो तो दुपारचे आंबेवाले काका!

“साहेब, सड्यावरच्या तिसऱ्या खांबावर जाळ दिसला. आवाजही मोठा झाला. चला, वाट दाखवतो. जीप जायची नाही.”

सड्यावरच्या ओल्या कातळावरून आम्ही निघालो. पुढे काका, मागे वायरमन, मध्ये धडपडणारा मी. खांबाशी पोचल्यावर बॅटरीच्या झोतात मला काहीच दिसले नाही. थोरल्या वायरमनला मात्र कपाला गेलेला केसाएवढा तडा दिसला.

त्याच वेळी भाच्याचा फोन वाजला. तो आमच्यापासून दहा पावले दूर गेला, हलक्या आवाजात काहीतरी बोलला, मग परत येऊन घड्याळाकडे पाहिले. पावणेअकरा झाले होते. त्याचा चेहरा मला अंधारात दिसला नाही.

त्यानंतर जे झाले ते मी मुद्दाम तपशिलाने सांगतो, कारण पुढे मला त्याची साक्ष द्यावी लागली.

त्याने उपकेंद्रातल्या ऑपरेटरला फोन लावला, फीडर बंद करून घेतला, बंद झाल्याचे दोनदा वदवून घेतले, परमिटचा नंबर स्वतःच्या डायरीत टिपला आणि तो मोठ्याने वाचून ऑपरेटरकडून पडताळून घेतला. मला वाटले, आता माणूस वर चढणार. छे! धाकट्या वायरमनला मागच्या स्विचपाशी पाठवून तो उघडा असल्याची खात्री केली आणि कुलूप घातले. मग लांब काठीवरच्या टेस्टरने तिन्ही तारा तपासल्या. मग खांबाच्या अलीकडे आणि पलीकडे, दोन्ही बाजूंना, तिन्ही तारांवर साखळ्या लावलेल्या काठ्या अडकवून त्या जमिनीशी जोडल्या.

“बंद केलीय ना? मग हे कशाला?” मी न राहवून विचारले.

“आपण बंद केलीय, मामा. पण पलीकडे हॉटेलं आहेत, त्यांचे जनरेटर असतात. एखाद्याने स्विच न पाडता जनरेटर सुरू केला, तर ती वीज डीपीतून उलटी चढते. घरातले दोनशे तीस व्होल्ट वर येताना अकरा हजार होतात.” डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर; सरकारी मराठीत रोहित्र. माझ्या पेशाला लाज आणील, पण कबूल करतो, त्या क्षणी मला रोहित्र हा शब्द सुचला नाही.

मग थोरला वायरमन कमरेला पट्टा बांधून वर चढला. वारा होता, खांब ओला होता. भाचा खाली, मान वर करून उभा. एकदाही “लवकर” म्हणाला नाही. उलट एकदा म्हणाला, “सावकाश, काका. बांधणी पक्की होऊ द्या.” वीस मिनिटांनी वायरमन खाली आला. भाच्याने माणसे मोजली, मोठ्याने, एकेकावर बॅटरी टाकून. मीही मोजला गेलो. मग काठ्या काढल्या, कुलूप काढले, परमिट परत केले. बारा वाजून वीस मिनिटांनी खालच्या वाडीत एकदम पिवळे ठिपके उमटले आणि कुठूनतरी पोरांचा “आली रे!” असा ओरडा वाऱ्यावरून आला.

भाच्याने लगेच फोन लावला. पलीकडचे ऐकून म्हणाला, “ठीक आहे. मशीन सुरू झालं ना? आता सिलिंडर बंद करा.” आणि तो कातळावर मटकन बसला.

हळूहळू उलगडा झाला. पलीकडच्या वाडीत एक म्हातारे गृहस्थ ऑक्सिजनच्या मशीनवर होते. वीज गेल्यावर जवळचा सिलिंडर लावला. तो दोन-अडीच तास पुरणार होता. पावणेअकराचा फोन त्यांच्या सुनेचा होता. याने तिला १०८ ला फोन करून ठेवायला सांगितले होते. पण घाटरस्ता, वाटेत पडलेली झाडे, गाडी केव्हा पोचेल याचा भरवसा नव्हता.

“अरे, मग तू यांना सांगितलं का नाहीस?” मी विचारले.

“सांगितलं असतं तर काका घाईनं चढले असते,” तो म्हणाला. “एक माणूस वाचवायला दुसरा घालवायचा नाही. बाबांनी शिकवलंय.”

थोरला वायरमन हे ऐकत होता. तो काही बोलला नाही; फक्त भाच्याच्या हातातली जड काठी त्याने आपल्या खांद्यावर घेतली.

परतताना काकांच्या ओटीवर चहा झाला. रात्रीचा एक वाजला होता. तिथे तो अबोल वायरमन बोलता झाला. निसर्ग वादळाच्या वेळी त्याला आणि इतर कितीजणांना दापोली-मंडणगडकडे पाठवले होते. रस्त्यांवर नारळ, आंबे, फणस आडवे; गाडी पुढे जाईना. नवे खांब रस्त्यावर उतरवून पडलेले, वाडीपर्यंत न्यायचे कसे? सिमेंटचा खांब म्हणजे दहा माणसांचे ओझे. ते टाळेबंदीचे दिवस होते. मुंबईचे चाकरमानी गावी येऊन बसले होते, एरवी त्या दिवसांत वाडीत तरणा गडी सापडायचा नाही. ही सगळी पोरे बाहेर पडली. कोणी बँकेतला, कोणी गिरगावात वडापावच्या गाडीवरचा. दोरखंड लावून, पालखी उचलावी तसे त्यांनी खांब खांद्यावर घेतले आणि चढणीवरून नेले. बायकांनी खड्डे खणले. “मजुरीचं विचारलं, तर एक आजी माझ्यावरच रागावली,” वायरमन म्हणाला. “म्हणाली, आमची लाईट, तुम्हांला कसली मजुरी मागायची?”

मी भाच्याकडे पाहिले. तो बशीतला चहा पीत होता. ‘आमची लाईट’! मुळा-प्रवरेच्या बांधावर भाऊजींनी पहिल्या वर्षांत ऐकलेला शब्द हाच. इथे ना संस्थेची नोंदणी, ना भागभांडवल, ना सभासदांचे रजिस्टर. तिथे हे सगळे होते, आणि शब्दाचा अर्थ मात्र हळूहळू बदलत गेला. मी काही सहकाराचा अभ्यासक नव्हे. बेळगाव जिल्ह्यातली हुक्केरीची संस्था आजही वीज वाटते आहे, तेव्हा कल्पनाच खोटी होती असे म्हणता येत नाही. पण ‘आपले’ म्हणून जे मिळते ते आणि ‘आपले’ म्हणून जे खांद्यावर घेतले जाते ते, यांत अंतर आहे एवढे मला त्या ओटीवर कळले.

सकाळी निघताना बागेवरून गेलो. ती फांदी खाली पडली होती. आंबा अर्धाच उतरवलेला. उरलेली कैरी टोपल्यांत भरून काका बसले होते. “लोणच्याला होईल,” एवढेच म्हणाले.

बदलीचा विषय काढायचा राहूनच गेला.

परतीला मी मुद्दाम चिपळूणहून कुंभार्ली घाटाची एस.टी. धरली, कारण ताईला तोंड दाखवायला श्रीरामपूरला जायचे होते. घाटाच्या पायथ्याशी पोफळी आहे. बाहेरून पाहणाराला तारांचे जंगल आणि मनोरे दिसतात; खरे वीजघर डोंगराच्या पोटात. पलीकडे सातारा जिल्ह्यात अडवलेले कोयनेचे पाणी सह्याद्री फोडून बोगद्याने इकडे आणले आहे आणि साडेचारशे मीटरांहून अधिक उंचीवरून ते खाली कोसळते. पहिला संच १९६२ साली फिरू लागला. आज चारही टप्पे मिळून १,९०० मेगावॅटहून अधिक शक्ती आहे. कृष्णेला मिळून पूर्वेच्या समुद्राला जायचे ते पाणी वीज देऊन वाशिष्ठीत उतरते आणि दाभोळला पश्चिमेच्या समुद्राला मिळते.

बस वळणे घेत चढू लागली तसे ते मनोरेही आमच्याबरोबर डोंगर चढू लागले. त्या तारांतून २ लाख २० हजार व्होल्टने वीज मुंबईकडे, घाटावर जाते. पुढे कुठेतरी ती पायरीपायरीने उतरते: तेहेतीस हजार, अकरा हजार, आणि शेवटी आपल्या घरात दोनशे तीस. लहानपणापासून शाळेच्या पुस्तकात आपण वरची पायरी वाचत आलो. धरण, बोगदा, यंत्रे. त्यांची चित्रे असतात, त्यांच्यासमोर सहली उभ्या राहतात. सर्वांत खालच्या पायरीवर, सड्यावरच्या तिसऱ्या खांबाशी, रात्री पावणेअकराला कोण उभा असतो हे पाहायला मला वयाची पंचेचाळिशी ओलांडावी लागली.

श्रीरामपूरला पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. ताईने पाणी दिले आणि पहिला प्रश्न विचारला, “सांगितलंस?”

“नाही,” मी म्हणालो.

ती काही बोलणार एवढ्यात भाऊजींनी वर्तमानपत्र खाली ठेवले. इतक्या दिवसांत या विषयावर ते प्रथमच बोलत होते.

“रात्री कामावर गेला होतास म्हणे त्याच्याबरोबर. परमिट कोणी घेतलं?”

“त्यानेच.”

“नंबर लिहून घेतला?”

“लिहिला, आणि वाचून पडताळला.”

“टेस्टर लावला? अर्थिंग एका बाजूला की दोन्ही?”

“दोन्ही. तिन्ही तारांवर. खाली आल्यावर माणसं मोजली. मलाही मोजलं.”

तोंडी परीक्षा घेणारा मी, जन्मात पहिल्यांदा एवढ्या ठामपणे उत्तरे देत होतो. मग मी त्यांना ऑक्सिजनच्या मशीनचे सांगितले. फोन आला तरी मुलाने वायरमनला घाई केली नाही, हे सांगितले. आणि ‘बाबांनी शिकवलंय’ हेही.

भाऊजी उठून ओट्यावर गेले. समोरच्या रस्त्यावरचा खांब त्यांच्याच काळात उभा राहिलेला. त्याच्याकडे पाहत बराच वेळ उभे राहिले. आत आले ते ताईला म्हणाले, “अर्ज करायचा तर त्याचा तो करील. आपण सांगायला नको.”

ताई रागावली. ती रागावणार हे ठरलेलेच होते, आणि तिचा राग खोटाही नव्हता. झोप तिची उडते, आमची नाही. जेवण होईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. मग भांडी आवरता आवरता तिने विचारले, “रेनकोट तरी धड आहे का त्याचा?”

“बरा आहे. खांद्याशी उसवलाय.”

यंदाच्या दिवाळीला भाचेबुवा घरी येणार नाहीत. लक्ष्मीपूजनाच्या रात्री त्यांची ड्यूटी आहे. सगळ्यांनी दिवे लावायचे तर कोणाला तरी खांबाखाली उभे राहावे लागणारच. ताईने नवा रेनकोट आणि फराळाचा डबा पाठवला आहे. चकल्या मोजून भरताना तिने मला फोन करून विचारले होते, जीपमध्ये एकूण माणसे किती असतात. “चार,” मी म्हणालो. डबा चौघांना पुरेल एवढा आहे.